सदू म्हात्रेचा कान

"स्विच गेला तुमचा," असं सदू म्हात्रेनं त्या बाईला सांगितलं आणि सांगताना ‘बहुतेक’ किंवा ‘वाटतंय’ असला शब्द चुकूनही तोंडातून जाऊ दिला नाही. छत्तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये बोटं घातलेल्या माणसानं बहुतेक म्हणायचं नसतं, असा त्याचा एक माज होता आणि चोंढी नाक्यानं तो लाडानं सांभाळला होता. बाईचं नाव मृणाल, थळला शाळेत शिकवायची. तिच्या गाडीचा डावा आरसा बटण दाबून हलत नव्हता. उजवा हलायचा, डावा ढिम्म. सदूनं दारातला आरशांचा तो छोटा स्विच पट्टीनं उचकटून काढला होता, मागचं सॉकेट सोडवलं होतं आणि दुकानातल्या टेबलावर त्याची परीक्षा चालली होती. परीक्षा तशी सोपी. खटका डावीकडे करायचा, ‘वर’ दाबायचं आणि मीटरच्या दोन सळ्या दोन ठरलेल्या पिनांना लावायच्या. आतला रस्ता जुळलेला असला की मीटर पिंऽ करून वाजतो. मग ‘खाली’, मग ‘आत’, मग ‘बाहेर’. प्रत्येकाची जोडी वेगळी. सदूनं चारही बाजू दाबल्या, मीटर गप्प. खटका उजवीकडे करून दाबल्या, तरी गप्प. हे जरा विचित्रच होतं, कारण उजवा आरसा तर गाडीत व्यवस्थित हलत होता. काढताना आत काही सुटलं असेल, असं मनाशी म्हणत त्यानं फळीवरून नवा स्विच घेतला, पिशवी फाडली, त्याच पिनांना सळ्या लावल्या. गप्प. नवा माल बनवणाऱ्यासाठी एक सणसणीत शिवी त्याच्या ओठांपर्यंत आली, पण बाई उभी होती म्हणून गिळली. "आजकाल पिशवीतला मालपण मेलेला येतो बघा," तो म्हणाला. तेव्हा दारापाशी मोबाईल बघत उभी असलेली मृणाल सहज म्हणाली, "काका, वाजतोय की तो. मघापासून वाजतोय. आधीचापण वाजत होता."

सदूनं तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या सळ्या एकमेकींना टेकवल्या आणि मीटरकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. सळ्या टेकल्या की तिच्या भुवया जरा हलत होत्या, सोडल्या की थांबत होत्या. टेकवल्या, हलल्या. सोडल्या, थांबल्या. बाहेरून रेवसची एसटी गेली, ती त्याला ऐकू आली. शेजारच्या वडेवाल्याच्या कढईतला तळणीचा आवाज आला, हातगाडीवर कुणीतरी भाव करत होतं ते शब्दन् शब्द आलं. सगळं जग जागच्या जागी होतं, फक्त त्यातून एवढाच एक बारीक आवाज कुणीतरी काढून नेला होता आणि नेताना त्याला विचारलंही नव्हतं. "रस्त्याचा आवाज किती येतो बघा," तो म्हणाला. मृणाल "हो ना" म्हणाली आणि पुन्हा मोबाईल बघू लागली. बिचारीला काय माहीत, आपण काय बोलून बसलो.

मीटरचा पडदा तीन पावसाळ्यांपूर्वीच काळा पडला होता. खारी हवा, जिथं लोखंड टिकत नाही तिथं मीटरचं काय. नवा घे म्हणून त्याचा मुलगा राहुल दर वेळी उलव्याहून आला की कटकट करायचा. त्यावर सदूचं उत्तर ठरलेलं. डोळे पिनांवर, कान मीटरवर. पडद्याकडे बघत बसतो तो शिकाऊ. हे वाक्य तो इतक्या ऐटीत म्हणायचा की आता ते आठवून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मीटर बाजूला सारून त्यानं जुना दिवा काढला. बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, एक चिमटा; सुरुवातीला हाच होता सगळ्यांकडे. बॅटरीला जोडून त्यानं स्विचच्या पिनांतून वीज सोडली. वर दाबलं, बल्ब पेटला. खाली, पेटला. आत, बाहेर, पेटला. खटका मधे ठेवला, विझला. जुना स्विच ठणठणीत होता. नवाही ठणठणीत होता. मग दोष कुठं, हे शोधायला सदू म्हात्रेला कान लागत नव्हता. डावं दार उघडून त्यानं बिजागरीजवळची रबरी नळी मागं सरकवली, तर आत निळी वायर दार उघडून-मिटून तुटलेली. तिला कथलाचा डाग देताना त्याचा हात नेहमीसारखा चालत होता, पण मन कुठल्या कुठं गेलं होतं.

चोंढीला यायच्या आधी, उरणला असताना त्याला हॉर्नचा डॉक्टर म्हणायचे. तेव्हा बंदराच्या बाजूला घराघरात ट्रक येत होते. मिठागरावर फावडं मारणाऱ्याचा पोर ट्रकचा मालक होत होता आणि मालक झाला की पहिली हौस हॉर्नची. कुणाला तीन भोंग्यांचा, कुणाला पाच. कुणाला नागिणीची धून, कुणाला नवरीच्या वरातीची. सदू बॉनेटमध्ये डोकं घालायचा, भोंग्याच्या तोंडाशी कान नेऊन मागचा स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि वर बसलेल्याला ओरडायचा, मार! दिवसाला दहा-पंधरा हॉर्न. कान दाबून कोण घेतो, कान दाबले तर सूर कळणार कसा? त्याचा बाप काळूराम मिठागरावरून घरी यायचा आणि म्हणायचा, सद्या, तुझ्या डोक्याला ऊन नाही लागत ते बरं आहे. बापाला वाटायचं पोरगा सावलीत काम करतो, सुखी आहे. आणि खरंच तो सुखी होता. मग हळदीच्या रात्री, डीजेच्या भिंतीसमोर वायरी सांभाळत उभं राहणं, तेही त्याच्याकडेच. गावात हळद आहे आणि सदू नाही असं कधी झालं नाही. त्या सगळ्या सुखाची ही किंमत कुठंतरी आत जमत होती आणि त्याला पत्ता नव्हता. आरसा हलला. वर, खाली, आत, बाहेर. मृणाल म्हणाली, "काका, किती बरं झालं. दुसऱ्या कुणी सरळ स्विच बदलून दिला असता. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत." सदूनं मान हलवली. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर तो आनंदानं आत गेला असता.

ती गेल्यावर तो टेबलापाशी बसला. सळ्या टेकवून मीटर कानाला लावला. काही नाही. दुसऱ्या कानाला लावला. मग कुणी बघत नाही ना ते पाहून गालाच्या हाडावर दाबून धरला, तेव्हा कुठं आत, दाढेच्या मुळाशी, मुंगी चालावी तशी गुदगुली झाली. म्हणजे वाजत होता. पण मग परवा? परवा त्यानं एका टेम्पोच्या काचेचा स्विच तपासला होता आणि तो व्यवस्थित वाजला होता. ते त्याला पक्कं आठवत होतं. त्याच्या आदल्या दिवशी तीन रिले, म्हणजे दिव्यांची वीज चालू-बंद करणाऱ्या डब्या, वाजले होते. एका रात्रीत असा कान जातो होय? तो डोळे मिटून परवाचा आवाज आठवू लागला. सळी टेकली, आणि... पिं आठवेना. जे आठवलं ते दुसरंच होतं. "हां." बाईचा आवाज. काशीचा.

काशी त्याची बायको. दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात, खिडकीखाली तिचं शिलाई मशीन होतं. ब्लाउज, फॉल, शाळेचे गणवेश. आज ती पेणला भाचीच्या साखरपुड्याला गेली होती, म्हणून कोपरा रिकामा होता आणि मशीनवर टॉवेल टाकलेला होता. शिवताना ती एका कानात वायर घालून मोबाईलवर मालिका ऐकायची आणि मधूनमधून हां, हां करायची. सदू वैतागायचा. "काय हां हां चाललंय तुझं? कोणाशी बोलतेस?" "मालिकेशी बोलते," ती वर न बघता म्हणायची. एकदा त्यानं तिला विचारलं होतं, की दोन कानांच्या दोन वायरी असताना तू एकच का घालतेस, दुसऱ्या कानाचं भाडं वाचवतेस काय? ती म्हणाली होती, दुसरा कान घरच्यांसाठी. सदू हसला होता आणि ते बुधाजी ट्रान्सपोर्टवाल्यालाही सांगितलं होतं, की आमची बायको कानाचीसुद्धा वाटणी करते. आता त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघताना त्याला उमगलं. तिचं हां मालिकेला नव्हतंच. सळी टेकायची, मीटर वाजायचा, काशी हां म्हणायची, आणि त्याचा हात पुढच्या पिनेवर जायचा. वाजलं नाही की ती गप्प, की हा म्हणायचा गेला स्विच. त्याच्या डोक्यानं तिच्या हांचाच पिं करून घेतला होता आणि तो ऐटीत सांगत होता, कान मीटरवर!

त्याला आधी राग आला. खोटं कशाला बोलायचं? इतके दिवस मागं बसून आपल्याला लहान पोरासारखं बोट धरून चालवलं, आणि आपण तिलाच दटावत होतो. तो तणतणत उठला आणि कपाटाखालचा भंगाराचा डबा ओढला. बाद स्विचवर गाडीचं नाव आणि तारीख लिहून तो डब्यात टाकायची त्याची सवय होती. एकेक काढून त्यानं दिव्यावर लावायला सुरुवात केली. सोळा स्विच होते. तेरा खरोखर मेलेले. आत हिरवं पडलेलं, पत्र्या जळालेल्या. तीन चांगले निघाले. त्या तिघांवरच्या तारखा त्यानं दोनदा वाचल्या. गेल्या दिवाळीतले ते चार दिवस. काशी माहेरी गेली होती. तो भंगारासमोर उकिडवा बसून राहिला आणि राग कुठं गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ती असताना एकही चूक नव्हती. एकही! मालिका ऐकत, सुईत दोरा ओवत, गिऱ्हाइकाशी ब्लाउजच्या गळ्यावरून वाद घालत, त्या बाईनं एक वाजलेला मीटर सोडला नव्हता आणि एक न वाजलेला वाजवला नव्हता. ते तीन स्विच त्यानं खिशात घातले. ज्यांचे होते त्यांच्याकडे उद्या जाऊन खरं काय ते सांगायला हवं होतं.

कधीपासून, हा प्रश्न मग आपोआप आला आणि उत्तरही आलं. दोन वर्षांपूर्वी त्याला डेंग्यू झाला होता. काशीनं तोंडात थर्मामीटर दिला आणि वाजला की काढा म्हणून ती भात टाकायला गेली. भात झाला, आमटीला फोडणी बसली, तरी हा तोंडात थर्मामीटर धरून बसलेला, आणि ती आल्यावर वर तिलाच म्हणाला, "बिघडलेला दिसतोय, वाजतच नाय." ती त्याच्याकडे बघत राहिली होती. थर्मामीटर पुसून ठेवला. आणि पंधरा दिवसांनी, तो बरा होऊन दुकानात जायला लागल्यावर, एका सकाळी म्हणाली, "घरात उजेड पुरत न्हाय. मशीन तुमच्या दुकानात ठेवू का?" केवढा मोठा माणूस झाला होता सदू त्या दिवशी! खिडकीखालची जागा त्यानं स्वतः झाडली, ट्यूब लावून दिली, वेगळा सॉकेट दिला. बायकोला दुकानात जागा दिली, आपल्यात कोण देतो, असं त्यानं नाक्यावर महिनाभर सांगितलं. दोन वर्षं तो स्वतःला उदार समजत होता. आणि ती घरातला चांगला उजेड सोडून या ग्रीसच्या वासात येऊन बसली होती, ती याच्यासाठी. जेवायचा डबा समोर होता, तो त्यानं उघडलाच नाही. वाईट वाटत होतं म्हणून नाही. इतकं कुणी आपल्यासाठी केलं आणि केल्याची खूण ठेवली नाही, हे पोटात मावत नव्हतं म्हणून. आपल्या आयुष्यात असं माणूस होतं आणि आपण त्याला गप्प बस म्हणत होतो. तो एकटाच बसल्या बसल्या "आईशपथ," असं मोठ्यानं म्हणाला आणि रडला. छपन्न वर्षांचा बाप्या, दुपारी दोन वाजता, शटर अर्धं ओढून.

पण एक भीती होतीच, आणि ती रडून जाणारी नव्हती. नाका म्हणजे नाका. सदूला ऐकू येत नाही हे एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत रेवसपासून अलिबागपर्यंत जाणार. मग गाडी कोण आणणार? बहिऱ्याकडे हॉर्न कोण दाखवणार? दुकान हेच त्याचं सगळं होतं. पोटापेक्षा जास्त, नाव होतं. सव्वापाचला पेणची एसटी थांबली आणि काशी उतरली. डोक्यात गजरा, हातात पेढ्यांचा पुडा, अंगावरच्या नव्या साडीची इस्त्री अजून मोडलेली नाही. आत येऊन तिनं पहिलं काय बघितलं असेल तर डबा. "जेवला न्हाईत?"

"काशे," सदू म्हणाला, "मीटर वाजलेला मला ऐकू येत न्हाय."

ती दचकली नाही. पुडा टेबलावर ठेवला, मशीनवरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली. "कोण बोललं?"

"एक गिऱ्हाईक. तुला ठाऊक व्हतं."

"मंग? थर्मामीटर तोंडात घेऊन अर्धा तास बसलेला मानूस मी दुसरा न्हाय बघितला." तिला हसू आलं आणि तिनं ते पदरात धरलं.

"सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी दुकानाला कुलूप लावून ओटीवर बसला असता. तुमचा सोभाव मला म्हाईत हाय." मग जरा थांबून, टॉवेलाकडे बघत ती म्हणाली, "आन मशीनला जागा दिलीत तवा तुमी किती खूस व्हता. आजारपनानंतर पयल्यांदा पोटभर जेवलेलात. ती खुसी मी कशाला घालवू?"

सदूच्या घरात बायकोचे आभार मानायची रीत नव्हती. त्याच्या बापानं मानले नव्हते, आज्यानं मानले नव्हते, शब्द कुठून काढायचे तेच माहीत नव्हतं. "तुझे लय उपकार झाले माझ्यावर," तो कसाबसा म्हणाला. "तू व्हतीस म्हणून मी हाय."

"उपकार कसले? मला मालिका बघाया मिळाली," काशी म्हणाली, पण तिचा आवाज जरा फाटला. मग लगेच दाराकडे बघून तिनं तो खाली आणला. "ऐका. कोनाला बोलू नका. व्हतं तसंच चालू दे. मी हां बोलीन, तुमी करा. नाक्याला काय करायचंय?"

तेवढ्यात नाक्यालाच काय करायचंय ते दारात आलं. बुधाजीची पिकअप दुकानासमोर थांबली आणि बुधाजी उतरण्याआधी त्याचा आवाज उतरला. "सदू शेठ! रिव्हर्सचा बझर बघ जरा. मधेच बंद पडतो, मधेच वाजतो. वडखळवाल्याला दाखवला, त्याला काय कळेना. मी बोललो, कान आपल्या सदूचा! त्याला ऐकव." मागोमाग वडेवाला झारा घेऊन बाहेर आला, दोन रिक्षावाले आले, बुधाजी बोलू लागला की माणसं जमतातच. काशीनं सदूकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको. ती स्टुलावर बसली, एक वायर कानात घालू लागली, म्हणजे तिची तयारी झाली. सगळं नीट झाकलं गेलं असतं. उद्याही, परवाही. ती मागं बसून हां म्हणत राहिली असती आणि नाका सदूच्या कानाचं कौतुक करत राहिला असता. ते कौतुक आता त्याच्या अंगाला टोचलं. एवढं घेतलं तिच्याकडून, आणि वर ते आपल्या नावानं मिरवायचं?

"बुधाजी," सदू म्हणाला, "माझा कान गेला. दोन वर्सं झाली. बारीक आवाज मला येतच न्हाय."

बुधाजी हसला. मग सदूचं तोंड बघून हसायचा थांबला. "काय बोलतोस? आन मंग ही येवढी कामं?"

"ऐकायचं काम काशी करते. मी हात चालवतो, ऐकते ती. दोन वर्सं एक चूक न्हाय. जी झाली ती मी एकटा असताना झाली."

वडेवाल्याच्या झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. काशीची मान खाली, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. "अवो गप बसा की," ती पुटपुटली. बुधाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाक्य सापडायला वेळ लागत होता. गाडी घेऊन तो निघून गेला असता तर सदूनं त्याला दोष दिला नसता. ते सगळं धरूनच तो बोलला होता, आणि बोलून त्याला हलकं वाटत होतं. बुधाजी पिकअपकडे गेला, आत बसला, इंजिन सुरू केलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "वयनी, मी रिव्हर्स टाकतो. तुमी मागं उभ्या ऱ्हाऊन जरा ऐकता का?"

काशी उठली. नव्या साडीचा पदर खोचून ती दुकानाबाहेर आली आणि पिकअपच्या मागं, भर रस्त्याच्या कडेला, सगळ्यांसमोर उभी राहिली. सदू तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बुधाजीनं रिव्हर्स टाकला. मागचे पांढरे दिवे लागले. सदूला इंजिनची घरघर आली, बाकी काही नाही.

"काशी, वाजतोय का?" त्यानं विचारलं, नाक्यावर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तिनं डोळे मिटले, मान जरा कलती केली आणि हात वर केला. "थांबा," ती म्हणाली, "जरा गप ऱ्हावा सगळी. मला ऐकू द्या."

आणि बुधाजीसकट अख्खा नाका गप्प झाला.